घरी ठेवून गेलेलं धनुष्य

ट्रॉयच्या युद्धाला निघताना इथाका बेटाचा राजा ओडिसियस याने आपलं सर्वांत मोलाचं धनुष्य घरीच ठेवलं. ग्रीक कवी होमरने 'ओडिसी' या महाकाव्याच्या एकविसाव्या सर्गात ही गोष्ट दोन-तीन ओळींत सांगून टाकली आहे. काळ्या जहाजांतून लढाईला जाताना तो हे धनुष्य कधी नेत नसे, एका प्रिय स्नेह्याची आठवण म्हणून ते वाड्यात असे, आणि आपल्या मुलखात हिंडताना मात्र तो ते खांद्याला लावत असे. पहिल्यांदा वाचताना मी या ओळींपाशी अडखळलो होतो. युद्धाला जाणारा माणूस उत्तम शस्त्र घरी का ठेवेल?

युद्ध दहा वर्षं चाललं, परतीच्या वाटेवर आणखी दहा गेली, आणि ही सगळी वीस वर्षं ते धनुष्य इथाका बेटावरच्या कोठीत खुंटीला टांगलेलं राहिलं. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या 'इलियड' या महाकाव्यामध्ये एका रात्री शत्रूच्या छावणीत शिरायची वेळ येते, तेव्हा हाच ओडिसियस मेरिओनीस नावाच्या सोबत्याचं धनुष्य उसनं घेतो.

ग्रीक पुराणकथांत बहुतेक मोठ्या नायकांचं एक ठरलेलं शस्त्र असतं. हेराक्लीस म्हटलं की ओबडधोबड लाकडी सोटा, पर्सियस म्हटलं की मेड्यूसाचं मुंडकं उतरवणारं कोयत्यासारखं वाकडं पातं. ट्रॉयला लढलेला ग्रीक वीर अकिलीस, त्याचा भाला तर फारच बोलका आहे. पेलिऑन डोंगरावरच्या अ‍ॅश झाडाचा तो भाला कायरॉन या अश्वमानवाने अकिलीसच्या वडिलांना दिला होता. पॅट्रोक्लस मित्राच्या वेशात लढायला निघतो तेव्हा अकिलीसचं चिलखत, शिरस्त्राण, ढाल असं सगळं घालतो, पण भाला मात्र घेत नाही, कारण तो अकिलीसवाचून कुणाला पेलत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात तिथेच पाल चुकचुकते. वेश अकिलीसचा असला तरी आतला माणूस अकिलीस नाही, आणि रणांगणाला ते कळायला फार वेळ लागणार नाही. पॅट्रोक्लस त्या दिवशी मरतो.

म्हणजे या कथांमध्ये शस्त्र ही ओळखीची खूण असते. ते कुणाकडून आलं, कुणाच्या हाताला बसतं, कुणाच्या हाताला बसत नाही, यातून माणूस कोण आहे ते कळतं. ओडिसियसच्या धनुष्यात हा अर्थ सगळ्यांत खोल गेला आहे असं मला वाटतं, म्हणून इतर शस्त्रं बाजूला ठेवून त्याच्याकडेच नीट पाहू.

आधी ते त्याच्याकडे आलं कसं, ते पाहायला हवं. ओडिसियस कोवळा तरुण होता. मेसेनीच्या लोकांनी इथाकाहून 300 मेंढ्या मेंढपाळांसकट जहाजांत घालून पळवल्या होत्या. वडिलांनी आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला भरपाई मागायला पाठवलं. तिथे ऑर्टिलोकस नावाच्या गृहस्थाच्या घरी त्याची इफिटसशी गाठ पडली. इफिटसही जनावरांच्याच मागावर निघालेला. त्याच्या 12 घोड्या खेचरांच्या शिंगरांसह हरवल्या होत्या. परक्या गावात, परक्या घरी, सारख्याच कामाला आलेले दोन तरुण. इफिटसने ओडिसियसला आपल्या वडिलांचं धनुष्य दिलं, ओडिसियसने त्याला तलवार आणि भाला दिला. एका जिव्हाळ्याच्या मैत्रीची ही सुरुवात होती.

पण पानाला पान लावून जेवायचा योग दोघांना पुन्हा आलाच नाही. घोड्यांचा माग काढत इफिटस हेराक्लीसच्या घरी पोचला आणि हेराक्लीसने त्याला, घरी आलेल्या पाहुण्याला, ठार मारलं. घोड्या स्वतःकडे ठेवून घेतल्या. होमर इथे एरवीपेक्षा कडक बोलतो. हेराक्लीसने देवांच्या कोपाची पर्वा केली नाही आणि ज्या मेजावर त्याला जेवू घातलं त्या मेजाचीही लाज बाळगली नाही, असं तो म्हणतो.

हा राग समजून घ्यायचा तर ग्रीकांचा क्सेनिया हा शब्द समजून घ्यावा लागतो. क्सेनिया म्हणजे पाहुणा आणि यजमान यांच्यातलं नातं. क्सेनोस या एकाच शब्दाचा अर्थ परका, पाहुणा आणि यजमान असा तिन्ही होतो, कारण आज जो तुमच्या दारात परका म्हणून उभा आहे, उद्या त्याच्या दारात तुम्ही असणार. दारी आलेल्याला आधी खाऊ-पिऊ घालायचं, मग नाव-गाव विचारायचं. निघताना भेटवस्तू द्यायची. ती भेट पुढे पिढ्यानपिढ्या त्या नात्याची साक्ष म्हणून राहते. या नात्याचा रखवालदार खुद्द देवांचा राजा झ्यूस. आपल्याकडच्या 'अतिथी देवो भव'शी याची जवळीक लगेच जाणवते, फक्त ग्रीक कल्पनेत बंधन दोन्ही बाजूंनी सारखंच कडक आहे. पाहुण्यानेही मर्यादा पाळायची असते. ट्रॉयचं युद्धच मुळात पाहुण्याने मर्यादा मोडली म्हणून पेटलं. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस ग्रीक राजा मेनेलाओसच्या घरी पाहुणा म्हणून आला आणि त्याची बायको घेऊन गेला.

आता इथाकाकडे पाहा. ओडिसियस मेला असं गृहीत धरून त्याच्या वाड्यात त्याची बायको पेनेलोपी हिच्याशी लग्न करायला आलेले 108 जण ठाण मांडून बसले आहेत. ओडिसियसचा मुलगा टेलेमाकस याने वडिलांना त्यांचा हिशेबच दिला आहे: डुलिकियमचे 52, सामीचे 24, झाकिन्थॉसचे 20 आणि इथाकाचेच 12. रोज यजमानाचीच डुकरं, बोकड आणि बैल कापायचे, त्याचीच दारू प्यायची, त्याच्या दासींशी लगट करायची, आणि जायचं नाव काढायचं नाही. पाहुणचाराच्या नियमाची ही उघड विटंबना आहे. या माणसांचा अंत कशाने होतो? पाहुणचाराची भेट म्हणून आलेल्या आणि पाहुणचारातच खून झालेल्या मित्राच्या धनुष्याने. होमरने हे धनुष्य कुठल्या लोहाराकडून किंवा एखाद्या देवाकडून आलेलं दाखवलं असतं, तरी कथा चालली असती. पण मग त्याला हे वजन आलं नसतं.

यात एक न सुटणारी गाठही आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. हेराक्लीसने आपल्याच घरात, आपल्याच मेजावरच्या पाहुण्याला मारलं. ओडिसियसही शेवटी आपल्याच घरात, आपल्याच मेजावर जेवत बसलेल्या माणसांना मारतो. पहिला बाण त्या उमेदवारांतल्या अँटिनोअसच्या गळ्यात घुसतो तेव्हा त्याने दोन कानांचा सोन्याचा प्याला नुकता ओठांकडे उचललेला असतो. एकाच्या कृत्यावर होमर चिडतो, दुसऱ्याच्या कृत्याला न्याय म्हणतो. फरक अर्थातच आहे: इफिटस निष्पाप होता, हे नव्हते. तरीही धनुष्याची जन्मकथा नेमकी याच क्षणी सांगून होमरने दोन्ही मेजं आपल्या डोळ्यांपुढे शेजारी शेजारी मांडून ठेवली आहेत. त्यावर तो काही बोलत नाही. वाचकाने अस्वस्थ व्हायचं की नाही, ते वाचकावर सोडलेलं आहे.

धनुष्याचा मूळ मालक, इफिटसचा बाप युरिटस, हाही साधा माणूस नव्हता. इतका मोठा धनुर्धर की त्याने धनुष्याचा देव अपोलो यालाच आव्हान दिलं, आणि चिडलेल्या अपोलोने त्याला मारलं. हे आपल्याला आठव्या सर्गात खुद्द ओडिसियसच्या तोंडून कळतं. आपल्या तिरंदाजीची तो तिथे बढाई मारतो, ट्रॉयला फिलोक्टेटिस सोडला तर मीच पुढे होतो म्हणतो. पण लगेच जोडतो की जुन्या काळच्या हेराक्लीस आणि युरिटसशी मी स्पर्धा करणार नाही, कारण ते देवांशीही पैज लावत. ज्याला आपली पायरी कळत नव्हती त्याचं धनुष्य, ज्याला ती कळते त्याच्या हातात आलं आहे. इथाकातली स्पर्धा ज्या दिवशी होते तो दिवस अपोलोच्या उत्सवाचा असतो. अँटिनोअसला हे माहीत असतं, पण त्याला त्यात फक्त उद्यावर ढकलायची सबब दिसते. ओडिसियस पहिला जीवघेणा बाण सोडण्याआधी अपोलोचं नाव घेतो.

स्पर्धा पेनेलोपीच ठरवते. 12 कुऱ्हाडी ओळीने रोवायच्या, धनुष्याला दोरी चढवायची आणि एकच बाण सगळ्या कुऱ्हाडींमधून पार करायचा. जो करील त्याच्याबरोबर ती जाईल. बाण कुऱ्हाडींतून नेमका कसा जाणार, दांड्याच्या भोकांतून की दांड्यांच्या टोकांच्या कड्यांतून, यावर अभ्यासकांची मतं आजही वेगवेगळी आहेत. आपल्याला आधीचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण सगळे तिथेच हरतात. बाण सोडायची पाळी येतच नाही. दोरीच चढत नाही.

होमरने या धनुष्याला एक विशेषण दिलं आहे, त्याचा अर्थ साधारण 'उलट वाकलेलं' असा होतो. पुढे त्याच्या शिंगांचाही उल्लेख येतो. यावरून अनेक अभ्यासक म्हणतात की हे लाकूड, शिंग आणि स्नायूंचे तंतू एकत्र चिकटवून बनवलेलं धनुष्य असावं, पूर्वेकडच्या घोडेस्वारांचं असे तसं. साध्या बांबूच्या धनुष्याची दोरी सोडली की काठी सरळ होते. या प्रकारचं धनुष्य दोरी सोडली की उलट्या बाजूला वळतं. दोरी चढवायची म्हणजे त्याच्या नैसर्गिक बाकाच्या विरुद्ध दिशेला वाकवायचं. नुसता जोर लावला तर ते पिळवटतं, हातातून निसटतं. पाय आणि मांडीचा टेकू कुठे द्यायचा, वजन कधी टाकायचं, याची सवय लागते. म्हणजे ही ताकदीची परीक्षा दिसत असली तरी खरी परीक्षा ओळखीची आहे. या वस्तूशी तुमचा किती वर्षांचा संबंध आहे?

मराठीत अवघड जबाबदारी घेण्याला आपण 'शिवधनुष्य पेलणं' म्हणतो, त्यामुळे हा प्रसंग मराठी वाचकाला कानाला परिचित वाटतो. सीतेच्या आणि द्रौपदीच्या स्वयंवराशी याची तुलना अभ्यासकांनी केलेली आहेच. द्रौपदीचं स्वयंवर तर फारच जवळचं, कारण तिथेही बाकीचे राजे हरतात आणि वेषांतर केलेला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस पुढे येतो. फरक असा की अर्जुन तिथे नवी नवरी जिंकतो. ओडिसियस भिकाऱ्याच्या चिंध्यांत, स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच बायकोसाठी मांडलेल्या पैजेत उतरतो.

पेनेलोपी धनुष्य आणायला जाते तो प्रसंग वाचताना सावकाश वाचावा. हस्तिदंती मुठीची काशाची किल्ली घेऊन ती कोठीपर्यंत जाते. दार उघडताना कुरणात चरणाऱ्या बैलासारखं हंबरतं. हात उंचावून ती खुंटीवरून धनुष्य काढते, खाली बसते, मांडीवर घेते आणि मोठ्याने रडते. वीस वर्षं न दिसलेल्या नवऱ्याच्या शरीराच्या जागी तिच्याकडे ही एवढीच वस्तू आहे.

दिवाणखान्यात पहिला हात घालतो टेलेमाकस, तिचा मुलगा. तीनदा वाकवायचा प्रयत्न करतो, तीनदा हरतो. होमर म्हणतो, चौथ्या खेपेला त्याने दोरी चढवलीच असती, पण भिकाऱ्याने खुणेने नको म्हटलं. आणि मुलगा थांबतो. 'मी कमजोरच राहणार बहुतेक' असं सगळ्यांदेखत म्हणून धनुष्य खाली ठेवतो. भर सभेत, आपल्याला जमतंय हे कळत असताना हार पत्करणं विशीच्या तरुणाला सोपं नसतं. धनुष्य त्याचंही आहे, रक्ताने आहे, फक्त त्याची वेळ आलेली नाही. बापाकडून मुलाकडे काय जातं, हे सांगायला होमरला धनुष्याची ती न चढलेली दोरी पुरते.

मग एकेक उमेदवार. लिओडीस हरतो आणि म्हणतो, हे धनुष्य पुष्कळांचा जीव घेईल. त्याला अजिबात कल्पना नसते की तो अक्षरशः खरं बोलतोय. अँटिनोअस चरबीचा मोठा गोळा मागवतो, धनुष्य विस्तवावर शेकून चरबी चोळून मऊ करायचा प्रयत्न चालतो. युरिमॅकसही हरतो आणि कबूल करतो की लग्न हुकल्याचं दुःख आहेच, पण बायका दुसऱ्याही मिळतील. आपण ओडिसियसपुढे इतके कमी पडलो, ही नाचक्की पुढच्या पिढ्या ऐकतील त्याचं काय! त्यांना घर हवं आहे, बायको हवी आहे, नाव हवं आहे. पण त्या घराचं धनुष्य त्यांना परकंच मानतं.

भिकारी धनुष्य मागतो तेव्हा सगळे संतापतात. शेवटी डुकरं राखणारा युमियस ते त्याच्या हातात आणून देतो. आणि ओडिसियस काय करतो? घाई करत नाही. ते सगळीकडून फिरवून पाहतो, मालक नसताना शिंगांना कीड तर लागली नाही ना म्हणून. बरीच वर्षं बंद राहिलेल्या घराच्या भिंतींवरून आपण जसा हात फिरवतो, तसं ते आहे. बघणारे कुजबुजतात, हा धनुष्यातला जाणकार दिसतोय, घरी असंच असेल की काय याच्या.

पुढची उपमा मी पुन्हा पुन्हा वाचतो. एखादा गायक आपल्या वाद्याच्या खुंटीला नवी तार जितक्या सहज चढवतो, तितक्या सहज ओडिसियसने त्या थोर धनुष्याला दोरी चढवली. मग उजव्या हाताने ती छेडून पाहिली, आणि ती पाकोळीच्या आवाजात सुरेल गायली.

आपल्या पोथ्यांत धनुष्याचा टणत्कार होतो, दिशा हादरतात, शत्रूंची काळजं फाटतात. होमरने आवाज निवडला तो एका लहानशा पक्ष्याचा. पाकोळी ग्रीसमध्ये वसंतात परतते. हिवाळा संपला, गेलेला परत आला, हे तिच्या आवाजावरून कळतं. (आपल्याकडे माळभिंगरी म्हणतात ती पाकोळी उलट हिवाळ्यात येते, त्यामुळे हा अर्थ आपल्याला सहज लागत नाही.) ती आपलं जुनं घरटं शोधत घराच्या वळचणीला येणारी आहे. पुढच्याच सर्गात अथीना देवी पाकोळीचं रूप घेऊन त्याच दिवाणखान्याच्या तुळईवर जाऊन बसते. ओडिसियसने अजून आपलं नाव सांगितलेलं नाही, चिंध्या उतरवलेल्या नाहीत. त्याच्याआधी धनुष्याने सांगून टाकलं आहे. ते ऐकून उमेदवारांचे चेहरे उतरतात, बाहेर झ्यूसची मेघगर्जना होते.

तार आणि दोरी यांची ही जोडी केवळ शोभेची नाही. अपोलो हा वाद्याचाही देव आहे आणि धनुष्याचाही. त्याच्यावरच्या जुन्या स्तोत्रात जन्मल्या-जन्मल्या तो या दोन्ही वस्तू मागतो. दोन्ही वस्तूंचं मर्म एकच, वाकवलेली चौकट आणि ताणलेली तार. ताण काढला तर दोन्ही मुक्या. एफेससचा तत्त्वज्ञ हेराक्लिटस, इ.स.पू. 500 च्या सुमाराचा, याच जोडीवर बोट ठेवतो: परस्परविरोधी ओढींतून मेळ कसा बनतो ते धनुष्यात आणि वाद्यात पाहा, असं तो म्हणतो. ग्रीकमध्ये धनुष्य आणि जीवन यांसाठी जवळजवळ एकच शब्द आहे, फक्त आघात वेगळ्या ठिकाणी येतो. त्यावरून त्याचं दुसरं वचन आहे, धनुष्याचं नाव जीवन, त्याचं काम मृत्यू.

ओडिसियसला ही गायकाची उपमा का शोभते? कारण तो स्वतः कथेकरी आहे. नवव्यापासून बाराव्या सर्गापर्यंत आपल्या प्रवासाची सगळी कहाणी तोच सांगतो, आणि इथाकाला पोचल्यावर भेटेल त्याला नवीन खोटी गोष्ट रचून सांगतो. मी क्रीटचा, मी अमक्याचा मुलगा. इतकं बोलणारा माणूस या क्षणी गप्प आहे. खरं तेवढं दोरी बोलते.

शस्त्र म्हणून मात्र धनुष्याला त्या जगात फार मान नव्हता. 'इलियड'मध्ये पॅरिसचा बाण पायाला लागतो तेव्हा ग्रीक वीर डायोमिडीस त्याला तिरंदाज म्हणून शिवीच घालतो: समोर येऊन लढ. मान भाल्याचा, कारण भाला धरणारा शत्रूच्या डोळ्यांत बघतो. धनुष्य लांबून, आडोशाने, वाट पाहून चालवायचं. ट्रॉयच्या मैदानात, अकिलीसच्या जगात, त्याला दुय्यम जागा. पण 108 माणसांनी भरलेल्या खोलीत एकटं शिरायचं असेल आणि सोबत मुलगा व दोन गडी एवढेच असतील, तर समोरासमोरच्या भाल्याने काय होणार? ओडिसियसने आधीच्या रात्री भिंतींवरची हत्यारं मुलाच्या मदतीने हलवून ठेवली होती. दारं आतून-बाहेरून बंद केली होती. मग शत्रूंच्याच खेळात, शत्रूंच्याच देखत, आपलं हत्यार हातात घेतलं. संयम, अंतर, नेमकी वेळ: त्याच्या स्वभावाला शोभणारं याहून दुसरं शस्त्र नाही.

एका प्रसंगात होमर दोन धनुर्धरांना समोरासमोर आणतो. मृतांच्या प्रदेशात ओडिसियसला हेराक्लीसची छाया भेटते. काळोख्या रात्रीसारखा, धनुष्य उघडं, बाण दोरीवर, भयंकर नजरेने इकडेतिकडे बघणारा, कोणत्याही क्षणी सोडेल असा. मेल्यावरही त्याचा बाण खाली आलेला नाही. आणि ज्याच्या मित्राला त्याने मारलं, त्याचं धनुष्य घरी, म्यानात, खुंटीला आहे. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. ही वस्तू मैत्रीची होती. परमुलखात जाऊन माणसं मारण्याच्या कामाची ती नव्हतीच. ती घराची होती आणि घर धोक्यात आलं तेव्हाच खाली उतरली.

तरीही धनुष्याने सगळं सिद्ध होत नाही, हे होमर विसरत नाही. ओडिसियसला जो तो वेगळ्या खुणेने ओळखतो. म्हाताऱ्या आर्गोस कुत्र्याला खूण लागतच नाही. दाई आणि गडी मांडीवरच्या जुन्या जखमेचा व्रण पाहतात. शत्रूंसाठी धनुष्य. म्हातारा बाप मागतो पुरावा, तेव्हा मुलगा त्याला लहानपणी त्याने दिलेली झाडं मोजून दाखवतो: 13 नाशपाती, 10 सफरचंदं, 40 अंजिरं, द्राक्षांच्या 50 ओळी. आणि पेनेलोपीला धनुष्य पुरत नाही. एवढं सगळं होऊनही ती गप्प बसून राहते, जिवंत झाडाच्या खोडातून घडवलेल्या आणि जागचा न हलणाऱ्या पलंगाचं गुपित तो बोलेपर्यंत. दोरी चढवणं एखाद्या देवालाही जमू शकलं असतं, ते गुपित मात्र त्या दोघांना आणि एका दासीलाच ठाऊक होतं.

बर्लिनच्या संग्रहालयात इ.स.पू. पाचव्या शतकातलं एक अथेन्सचं मद्यपात्र आहे. एका बाजूला वाकून नेम धरलेला ओडिसियस, मागे दोन दासी. दुसऱ्या बाजूला आसनाभोवती घाबरलेले तीन उमेदवार. मध्ये पात्राची गोलाई, म्हणजे बाण आणि बळी एकाच वेळी दिसूच शकत नाहीत. पात्र हातात फिरवावं लागतं.

कुऱ्हाडींतला बाण त्याने बसल्या जागेवरून सोडला होता. खरी लढाई सुरू होते ती त्याने चिंध्या फेकून उंबऱ्यावर उडी मारल्यावर. बाण पायापाशी ओततो आणि ते असतील तोवर एकेकाला टिपत राहतो. मग बाण संपतात. तो धनुष्य दाराच्या चौकटीला, चकाकत्या भिंतीशी टेकवून उभं ठेवतो, खांद्यावर ढाल घेतो, शिरस्त्राण चढवतो आणि इतर सगळ्या योद्ध्यांसारखे दोन भाले हातात घेतो.